डेस्कटॉपची सुधारणा : कोणता खर्च सार्थ, कोणता व्यर्थ?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य थांबवले आणि असंख्य घरांतील सुस्थितीतले डेस्कटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. संगणक सुरू होतो, पडदा उजळतो, कळफलकाची एकही कळ रुसलेली नसते. तरीही तो बदलावा, की त्यात थोडी भर घालून आणखी काही वर्षे चालवावा, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर दुकानात शोधण्याआधी त्या संगणकातच शोधावे लागते.

आधी निदान

‘संगणक मंद झाला’ एवढ्या तक्रारीवरून सुटा भाग विकत घेणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या, की विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू ठेवून त्यातील ‘परफॉर्मन्स’ विभागातले आलेख काही वेळ पाहावेत. डिस्क वारंवार १०० टक्क्यांना टेकत असेल आणि प्रोसेसर निवांत असेल, तर दोष डिस्कचा. मेमरी जवळजवळ भरलेली राहत असेल, तर रॅम अपुरी. ज्या घटकासाठी बाकीचे सारे खोळंबून राहतात, तोच बदलण्यात अर्थ असतो.

पहिला मान एसएसडीचा

संगणकात अजूनही फिरती हार्ड डिस्क असेल आणि विंडोज तिच्यावरच चालत असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवण्याइतका फलदायी खर्च दुसरा नाही. फिरत्या डिस्कवरील माहिती शोधण्यास साधारणपणे सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. एसएसडीला सुमारे दहा हजारावा भाग पुरतो. संगणक सुरू होताना अशा हजारो छोट्या शोधांची रांग लागते, म्हणून हा फरक डोळ्यांना दिसतो.

जुन्या मदरबोर्डवर साटा जोडणीची अडीच इंची एसएसडी बसते. तिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट असतो. एनव्हीएमई प्रकारातील वेगवान एसएसडी ७००० मेगाबाइटपर्यंत पोहोचतात. मात्र पत्रव्यवहार, हिशेब आणि इंटरनेट एवढेच काम असणाऱ्याला या दोहोंतील अंतर क्वचितच जाणवते. एसएसडी बसवण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घेणे अनिवार्य आहे.

रॅम : गरजेपुरतीच

८ जीबीवरून १६ जीबीवर जाणे आजच्या सर्वसाधारण वापरासाठी सयुक्तिक ठरते. ३२ जीबीची निकड चित्रफितींचे संपादन किंवा तत्सम जड काम करणाऱ्यांना भासते. रिकामी राहणारी रॅम वेग वाढवत नाही. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून खरेदीपूर्वी मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहावी. २०२५च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. त्यामुळे ‘असू द्या जास्तीची’ हा विचार आता महागात पडतो.

प्रोसेसर : येथे थांबून विचार करावा

विंडोज ११साठी टीपीएम २.० हे सुरक्षा-वैशिष्ट्य लागते आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. ही यादी मोजके अपवाद वगळता इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते. अनेक संगणकांत टीपीएम असते, पण ते बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. ते सुरू करायला एक पैसाही लागत नाही. म्हणून ‘पीसी हेल्थ चेक’ने नकार दिला, तरी आधी ही तपासणी करावी.

प्रोसेसरच यादीत नसेल, तर हिशेब बदलतो. इंटेलच्या सहाव्या ते नवव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची खोबण नावाने एकच, एलजीए ११५१. तरीही सहाव्या-सातव्या पिढीसाठी बनलेल्या मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. मग प्रोसेसरबरोबर मदरबोर्ड आणि अनेकदा रॅमही नवी घ्यावी लागते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. याउलट, एएमडीच्या एएम४ खोबणीच्या अनेक जुन्या मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर चालतात. तेथे केवळ प्रोसेसर बदलणे परवडू शकते.

तातडीने निर्णय घ्यायचा नसेल, तर विंडोज १०ची वाढीव सुरक्षा-सेवा घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळते. अमेरिकेत तिचे शुल्क ३० डॉलर असून मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडल्यास ती विनाशुल्कही घेता येते. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली हाही एक मार्ग आहे.

ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लाय

खेळ, त्रिमितीय आरेखन किंवा चित्रफितींचे संपादन नसेल, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावरील खर्च टाळावा. घ्यायचेच असेल, तर आधी पॉवर सप्लायची क्षमता तपासावी. मदरबोर्डच्या खोबणीतून कार्डाला कमाल ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायकडून वेगळी तार जोडावी लागते. काही तयार डेस्कटॉपांत पॉवर सप्लाय त्या कंपनीच्याच खास घडणीचा असतो आणि बाजारातला दुसरा बसत नाही.

जुना संगणक मायदेशी नेताना

अमेरिकेतील डेस्कटॉप भारतात न्यायचा असेल, तर हाच भाग प्रथम पाहावा. अमेरिकेत घरगुती वीजदाब १२० व्होल्ट, भारतात २३० व्होल्ट. पॉवर सप्लायवर ‘१००-२४०’ असे छापले असेल, तर केवळ तार किंवा प्लग बदलून भागते. काही जुन्या पॉवर सप्लायच्या मागे ११५ आणि २३० असे अंक असलेली लाल कळ असते. ती ११५वर ठेवून भारतात वीज जोडली, तर पॉवर सप्लाय जळतो आणि त्यासोबत इतर भागांनाही धोका पोहोचू शकतो.

सीमा कोठे आखावी?

एसएसडी आणि रॅम यांवर भागत असेल, तर सुधारणा करावी. खर्च मदरबोर्डपर्यंत पोहोचत असेल, तर त्या रकमेची तुलना नव्या किंवा हमीसह मिळणाऱ्या वापरलेल्या संगणकाच्या किमतीशी करावी. जुना संगणक सोडावाच लागला, तरी एसएसडी काढून नव्या संगणकात बसवता येते. तिच्यावर केलेला खर्च वाया जात नाही.