टाकून दिलेला प्रकाश

मराठीत नेब्युलाला दोन शब्द आहेत : 'अभ्रिका' आणि 'तेजोमेघ'. पहिला अभ्रावरून आलेला, दुर्बिणीतून दिसणाऱ्या धूसर डागाशी प्रामाणिक राहणारा. दुसरा त्या डागाला स्वतःचे तेज बहाल करणारा. एकात जे दिसते त्याची नोंद आहे, दुसऱ्यात ते काय असावे याविषयीचे मत आहे. आज शहरातल्या गच्चीवरून, दिव्यांनी उजळलेल्या आकाशाखाली, एखाद्या फिकट तेजोमेघाचे छायाचित्र काढणारा हौशी निरीक्षक जे काही करतो त्याचा इतिहास या दोन शब्दांमधल्या अंतरात सापडतो. ही करामत संगणकाच्या युगात जन्मली, असा एक समज आहे. आम्हाला तो अपुरा वाटतो. तेजोमेघाचे आपले ज्ञान आरंभापासूनच प्रकाश निवडण्याचे, म्हणजेच उरलेला प्रकाश नाकारण्याचे ज्ञान आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एक प्रश्न अनिर्णित होता. आकाशातले हे धूसर डाग म्हणजे दूर असल्यामुळे सुटे न दिसणारे तारकासमूहच आहेत, की त्यांतले काही खरोखर वायूचे ढग आहेत? मोठी दुर्बीण हे त्याचे उत्तर नव्हते. नवी दुर्बीण काही डागांचे तारे सुटे करी आणि काही तसेच ठेवी, त्यामुळे दोन्ही पक्षांना आपले म्हणणे रेटता येई. २९ ऑगस्ट १८६४ रोजी लंडनच्या टल्स हिल भागातल्या आपल्या घरच्या वेधशाळेतून विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका अभ्रिकेचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्याचा असतो तसा सलग रंगपट्टा तेथे नव्हता. एक ठळक तेजस्वी रेषा आणि तिच्याजवळ दोन फिकट रेषा, एवढेच होते. असा प्रकाश विरळ, तप्त वायूचाच असतो. देवयानीतल्या प्रसिद्ध अभ्रिकेचा वर्णपट मात्र त्यांना सलग दिसला. एकाच नावाखाली वावरणाऱ्या दोन भिन्न जाती अशा रीतीने वेगळ्या झाल्या.

त्या ठळक रेषेचे मूळ कळावयास पुढे ६३ वर्षे लागली. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळत नव्हती. सूर्याच्या वर्णपटातल्या एका अनोळखी रेषेवरून हेलियमची कल्पना मांडली गेली होती आणि १८९५ मध्ये तो वायू पृथ्वीवर सापडलाही. त्याच धर्तीवर या हिरवट रेषेच्या मालकाला 'नेब्युलियम' असे नाव मिळाले. त्याआधी नॉर्मन लॉकयर यांनी वेगळाच दावा केला होता. ही रेषा मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याची उरलेली कड आहे आणि अभ्रिका म्हणजे उल्कांचे थवे आहेत, असे ते म्हणत. दावा खरा असेल तर रेषेची एक बाजू पसरट दिसावयास हवी होती. वाद एका रेषेच्या कडेवर येऊन ठेपला होता.

या वादात पुण्याचा वाटा आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असावा असे आम्हाला वाटते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, एक वेधशाळा उभी राहिली होती. तिचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला. १८९१ मध्ये त्यांनी मृगातल्या महान अभ्रिकेचा वर्णपट पाहून रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात कळवले, की ती प्रमुख रेषा रेखीव आणि अरुंदच आहे. हगिन्स पतिपत्नी आणि अमेरिकेत जेम्स कीलर हेही याच प्रश्नावर काम करीत होते. निकाल लॉकयर यांच्या विरुद्ध गेला. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. आमच्या वाङ्मयीन इतिहासात त्या काळच्या पुण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या रेषेचा उल्लेख त्यात क्वचितच आढळेल.

१९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी कोडे सोडवले. नेब्युलियम नावाचे मूलद्रव्यच नव्हते. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला तो प्राणवायू होता. पृथ्वीवरच्या दाट वायूत अशा अणूला आपला प्रकाश सोडण्याइतकी उसंत मिळत नाही. त्याआधीच दुसरा कण येऊन त्याला धडकतो. अवकाशातल्या कमालीच्या विरळपणात मात्र त्याला एकांत लाभतो आणि ५००.७ नॅनोमीटरची ती रेषा उमटते. एकांतातच बोलू शकणाऱ्या या प्रकाशाला भौतिकशास्त्राने 'निषिद्ध रेषा' म्हणावे, हा योगायोग साहित्याच्या वाचकाला गंमतीचा वाटेल.

दरम्यान छायाचित्रण आले होते. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटे काच उघडी ठेवून मृगातल्या अभ्रिकेचे पहिले छायाचित्र घेतले. लाल रंगाला संवेदनशील काचा निघाल्यावर हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा हाती आली. १९५० नंतरच्या काही वर्षांत ऑस्ट्रेलियात कॉलिन गम यांनी याच रेषेत दक्षिण आकाश धुंडाळले. अगस्त्याच्या पूर्वेला त्यांना तीस अंशांहून अधिक पसरलेला एक तेजोमेघ सापडला. आकाशाचा एवढा मोठा तुकडा व्यापूनही तो डोळ्यांना दिसत नाही.

आजचा नॅरोबँड फिल्टर हे याच परंपरेचे अपत्य. दृश्य प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर एवढ्या पट्ट्यात असतो. ३ नॅनोमीटरचा फिल्टर त्यातला सुमारे शंभरावा हिस्सा आत घेतो. शहराच्या दिव्यांचा उजेड सगळ्या पट्ट्यावर पसरलेला असल्याने तो जवळजवळ सगळा बाहेर राहतो. तेजोमेघाचा प्रकाश नेमका त्या रेषेतच एकवटलेला असल्याने तो आत येतो. हायड्रोजन, प्राणवायू आणि गंधक यांच्या रेषांसाठी वेगवेगळे फिल्टर लावून पाच-दहा मिनिटांच्या अनेक प्रतिमा घ्यावयाच्या आणि त्या एकावर एक रचावयाच्या. चौपट प्रतिमा घेतल्या तर खऱ्या प्रकाशाचे गोंगाटाशी असलेले प्रमाण दुप्पट होते, अधिक नाही. म्हणून एका चित्रामागे अनेक रात्री जातात.

हे तंत्र कोठे थांबते, हेही १८६४ मध्येच ठरून गेले होते. देवयानीतली ती 'अभ्रिका' पुढे दीर्घिका ठरली. तिच्या ताऱ्यांचा सलग प्रकाश आणि शहराचा उजेड यांत फिल्टरला फारसा भेद करता येत नाही. वॉल्टर बाडे यांनी १९४० नंतरच्या युद्धकाळात माउंट विल्सनवरून तिच्या गाभ्यातले तारे सुटे केले. तेव्हा लाल फिल्टर आणि लाल संवेदी काचा त्यांच्याकडे होत्याच. पण लॉस एंजेलिसचे दिवे युद्धामुळे मंदावले होते, हेही तितकेच निर्णायक होते. आता सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी आले आहेत. पूर्वीचा उजेड बराचसा एका रंगात कोंडलेला असे, नवा सर्वत्र सांडतो. तेजोमेघाचा प्रकाश त्यातूनही गाळून घेता येतो. आकाशगंगेचा पट्टा नाही.

येथे आम्हाला पाठचिकित्सेची आठवण होते. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तीही अनेक पोथ्या एकमेकींवर ठेवून. लेखनिकांच्या चुका जेथल्या तेथे राहतात आणि सर्वांना समान असलेला पाठ वर येतो. प्रतिमा रचण्याचे तत्त्व याहून फार निराळे नाही. रंगांचेही तसेच. १९९५ मध्ये हबल दुर्बिणीच्या 'सृष्टीच्या स्तंभां'च्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि प्राणवायूला निळा रंग दिला गेला. डोळ्याला हायड्रोजनची ती रेषा तांबडीच दिसते. तो रंग म्हणजे अनुवाद आहे. खोटेपणा नव्हे, पण मूळही नव्हे.

एक फरक मात्र उरतो आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. चिकित्सक आवृत्ती नाकारलेले पाठ फेकून देत नाही. पानाच्या तळाशी ते जपून ठेवते, कारण कोणी काय का वगळले हे पुढच्या वाचकाला कळावयास हवे. छायाचित्राला असा तळ नसतो. त्यात काळेभोर आकाश दिसते, आणि ज्या गच्चीवरून ते काढले तेथे व्याध आणि मृगातले तीन तारे सोडता फारसे काही दिसत नव्हते, हे त्यात कोठेच नसते. चित्र जितके यशस्वी, तितकी ही हानी अदृश्य. नायगमवालांनी ज्या शहरातून ती रेषा पाहिली, त्या शहरात आज ती फिल्टर लावून पुन्हा पकडता येते. त्यांच्या डोक्यावरची रात्र पकडता येत नाही. प्रत्येक अशा चित्राखाली टाकून दिलेल्या प्रकाशाची एक ओळ लिहिली जावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.