भोवऱ्याचं घराणं

जिलॉन्ग ग्रामर ही ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातली खासगी अँग्लिकन शाळा. स्थापना १८५५ ची, कोरायोचा परिसर १९१४ पासूनचा, आणि मुलींना प्रवेश १९७० च्या दशकात. तिच्या टिंबरटॉप या डोंगरातल्या शाखेत नववीची मुलं वर्षभर राहतात, अंघोळीच्या पाण्यासाठी लाकडं फोडतात. ब्रिटनचे आताचे राजे चार्ल्स १९६६ मध्ये तिथेच होते. शाळेची ओळख बहुधा एवढ्यावरच थांबते. तिच्या चित्रकलेच्या वर्गाची कुळी मात्र जर्मनीतल्या एका लाकडी भोवऱ्याशी जुळते.

हा भोवरा चित्रकार लुडविग हिर्शफेल्ड-माकने १९२४ च्या सुमारास वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत घडवला. वर रंगीत पुठ्ठ्याची चकती बसवायची, फिरवायचं, आणि रंग एकमेकांत मिसळताना पाहायचे. चकत्यांमागे कवी गटे, तत्त्वज्ञ शोपेनहाउअर, वैज्ञानिक बेझोल्ड यांचे रंगविचार असल्यामुळे भोवऱ्याचा मूळपुरुष गटेला ठरवावंसं वाटेल.

हे पटत नाही. रंगीत चकती फिरवली की पांढरा नव्हे, करडा रंग दिसतो, असं म्हणून गटेने न्यूटनची खिल्ली उडवली होती. फिरत्या चकतीला मोजमापाचं साधन बनवलं ते भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने. त्याने कागदी चकत्यांना चीर दिली आणि त्या एकमेकींत अडकवल्या. कोणता रंग किती टक्के दिसतो, हे तो कडेच्या खुणांवरून वाचत असे. त्याचा निबंध १८५५ चा, म्हणजे नेमका शाळेच्या जन्मसालचा! हा निव्वळ योगायोग, पण सांगायचा मोह आवरत नाही. तेव्हा निवाडा असा: चकतीवर गटे असेल, भोवरा मॅक्सवेलचा.

हिर्शफेल्ड-माकच्या पूर्वजांत ज्यू होते. नाझी जर्मनी सोडून तो १९३६ मध्ये इंग्लंडला आला. युद्ध पेटल्यावर इंग्लंडनेच त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून पकडलं आणि १९४० मध्ये ‘ड्युनेरा’ जहाजातून ऑस्ट्रेलियाच्या छावण्यांत धाडलं. काटेरी तारांमागे उभा एकटा माणूस आणि वर दक्षिणेचे तारे, हे त्याचं लाकडी ठशाचं चित्र तिथलंच. जिलॉन्गचे मुख्याध्यापक जेम्स डार्लिंग यांनी खटपट करून १९४२ मध्ये त्याला सोडवलं आणि चित्रकला शिक्षक नेमलं. १९५७ पर्यंत तो तिथेच होता.

ज्याला इंग्रज सरकार शत्रू म्हणत होतं, त्याच्या हाती इंग्रजी वळणाच्या शाळेतली मुलं सोपवणं हे धाडसच. डार्लिंग यांच्या शाळकरी वयात, रेप्टनमध्ये, मुख्याध्यापक होते विल्यम टेंपल, समाजवादाकडे झुकलेले आणि पुढे कॅंटरबरीचे आर्चबिशप झालेले. धाडसाचं मूळ तिथे असावं.

ऑस्ट्रेलियात हिर्शफेल्ड-माकने तंतुवाद्यंही घडवली. प्रत्येक वाद्य एकाच स्वरमेळात जुळवलेलं, त्या मेळाला ठरलेला रंग. नोटेशन न येणारं मूलही रंग पाहून वाजवू शके. भोवऱ्याचे खरे वारस ही वाद्यंच मानावीत.

मूळ भोवरा स्वित्झर्लंडची नेफ कंपनी अजून बनवते. तो हाती नसला, तर पुठ्ठ्याची अर्धी पिवळी, अर्धी निळी चकती साध्या भोवऱ्यावर बसवून फिरवा. रंगपेटीतला हिरवा तिथे येत नाही, करडा येतो.