फ्लॅशिंग टेप कडाक्याच्या थंडीत का निघते?

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात घरांची बांधकामं हिवाळ्यातही सुरू असतात. तिथल्या बहुतेक घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर प्लायवूड किंवा तत्सम बोर्ड ठोकून उभ्या राहतात. खिडकी बसवली की तिची कड आणि बोर्ड यांच्यात फट राहते. त्या फटीतून पाणी आत न जाता बाहेरच्या बाहेर निथळावं म्हणून लावतात ते फ्लॅशिंग. चिमणीपाशी ते पत्र्याचं असतं, खिडकीभोवती बहुधा चिकट टेपचं. आपल्याकडे गच्चीच्या कठड्याला वाटा मारतात, त्यातलाच हा प्रकार.

या टेपवर नंतर बाहेरच्या फळ्या बसतात आणि ती कायमची झाकली जाते. एखादं टोक सुटलं तर बाहेरून काही दिसत नाही. बोर्ड आतल्या आत कुजतो आणि घरमालकाला ते कळेपर्यंत कधी कधी काही वर्षं जातात.

आता थंडीचा संबंध. टेपचा चिकट थर भिंतीला नुसता टेकून चालत नाही. मधासारखा हळूहळू पसरून त्याने बोर्डाच्या बारीक खाचाखोचा भराव्या लागतात. थंडीत मध घट्ट होतो, तसाच हा थरही. टेप लागल्यासारखी वाटते, पण ती फक्त उंचवट्यांना धरून असते.

किती थंडी चालेल, हे चिकट थर कशाचा आहे त्यावर ठरतं. डांबरावर आधारित टेप साधारण 4 ते 10 अंश सेल्सिअसच्या खाली कुरकुर करू लागते. ब्युटिल रबराच्या काही टेप उणे 4 अंशांपर्यंत चालतात, तर काही अ‍ॅक्रिलिक टेप उणे 18 अंशांपर्यंत. कंपनीगणिक हे आकडे बदलतात, त्यामुळे खोक्यावरची मर्यादा वाचणं आलंच.

पण बहुतेकांची चूक होते ती पुढे. मोबाइलवर तापमान बघून काम सुरू केलं जातं. टेप हवेला चिकटत नाही, भिंतीला चिकटते! उत्तरेकडच्या भिंतीवर हिवाळ्यात ऊन पडत नाही. शिवाय निरभ्र रात्री भिंतीचा पृष्ठभाग हवेपेक्षाही थंड होतो, म्हणून हवा शून्याच्या थोडी वर असतानाही त्यावर दव गोठू शकतं. बर्फाचा हा थर इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसेलच असं नाही. टेप मग लाकडाला नव्हे, बर्फाला चिकटते आणि दुपारी बर्फ वितळला की सुटते. म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर भिंतीवर रोखून मोजावं, हात फिरवून ओल बघावी, कापडाने पुसावं आणि मगच टेप काढावी.

टेपचे रोल आदल्या रात्री उबदार खोलीत ठेवावेत आणि लागेल तेवढेच बाहेर न्यावेत. थंडगार रोल उबदार खोलीत आणून लगेच उघडला तर त्यावर दमट हवेचं पाणी धरतं, तेही टाळावं. कंपनीने सांगितलेला प्रायमर थंडीत वगळू नये. बोर्ड हीट गनने कोमट करता येतो. उघड्या ज्योतीचा टॉर्च मात्र लाकडी घरापासून लांबच बरा. प्लास्टिकचा तंबू उभारून आत प्रोपेन हीटर लावायची पद्धतही आहे, पण 1 किलो प्रोपेन जळताना सुमारे 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. हवा खेळती नसेल तर तीच वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते, म्हणजे जे टाळायचं तेच आपण विकत घेतो.

टेप लावल्यावर नुसता तळवा फिरवू नये. छोट्या रबरी किंवा लाकडी रुळाने जोर देऊन दाबावी, कोपऱ्यांत दोनदा. एक तुकडा कडेला लावून थोड्या वेळाने ओढून बघावा. लाकडाचे तंतू घेऊन आला तर पकड चांगली, स्वच्छ निघाला तर काम थांबवलेलं बरं. पूर्ण पकड यायला उबेतही दिवस-दोन दिवस लागू शकतात, थंडीत त्याहून जास्त.

क्रम मात्र उन्हाळ्यातलाच. आधी खालची पट्टी, मग बाजूच्या, शेवटी वरची, म्हणजे कौलांसारखी वरची खालचीवर चढते. खिडकी बसल्यावर तिची खालची कड बहुतेक ठिकाणी टेपने बंद करत नाहीत, कारण आत शिरलेल्या पाण्याला तिथूनच बाहेर पडायचं असतं.