शहराचा काठ आणि कामगाराचे घर



कामगाराला परवडणारे घर कोठे मिळते? मुंबईचा शंभर वर्षांचा इतिहास ह्याचे एकच उत्तर देतो : शहराच्या काठावर. पण काठ एका जागी राहत नाही.

१९२० साली मुंबई सरकारने डेव्हलपमेंट खाते उघडले. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. उभ्या राहिल्या सुमारे सोळा हजार. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथील २०७ बी. डी. डी. चाळी त्या ह्याच. आज नवल वाटेल, पण प्रारंभी त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या. भाडे झेपत नव्हते आणि वरळी तेव्हा आडबाजूला होती. घराचे भाडे आणि कामावर जाण्याची वाट हे दोन्ही खर्च कामगार एकाच वहीत मांडतो, हे सरकारला उमगले नव्हते.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. राहत्या भाडेकरूस आधार मिळाला, नव्याने येणाऱ्याकडे मात्र पागडी मागितली जाऊ लागली. पुढे १९४९ साली गृहनिर्माण मंडळ आले, १९५२ साली औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आली आणि १९५७ साली महापालिकेची हद्द मुलुंडपर्यंत गेली. विक्रोळीची टागोरनगर, कन्नमवारनगर ही त्या काळाची देणगी. अशाच एका वसाहतीत आम्ही वाढलो. एक खोली, स्वयंपाकघर, शेजारी कोणी कोकणातला, कोणी घाटावरचा. खाडीकडचा वारा आणि डास दोन्ही फुकट! परंतु विक्रोळी-भांडुपचे कारखाने जवळ होते; पाळी सुटली की माणूस घटकाभरात घरी येई आणि संध्याकाळी सभेलाही येई.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या गेल्या, आणि उपनगरांतले कारखानेही एकामागून एक बंद झाले. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा घरांसाठी ठेवणारा नियम १९९१ साली झाला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा केवळ मोकळ्या जागेपुरता उरला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली.

परिणाम जनगणनेत वाचावा. २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३ लाखांवरून ३१ लाखांखाली आली. ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. काठ विक्रोळीहून डोंबिवलीला, तेथून बदलापूरला सरकला होता.

आता विक्रोळीच्या जुन्या इमारतींच्या जागी टोलेजंग मनोरे उठत आहेत. मूळ रहिवाशाला मोठे घर मिळते. त्याचा आनंद आम्हांसही आहे. पण वरच्या मजल्यांवर जे नवे शेजारी येतात, त्यांत कारखान्यातला माणूस क्वचितच असतो. म्हातारा बाप मनोऱ्यात राहतो, विभक्त झालेला मुलगा कर्जतच्या लोकलला लोंबकळतो.

ह्यात आमचाही दोष आहे. पगार, बोनस, महागाईभत्ता ह्यांसाठी आम्ही लढलो. पायाखालच्या जमिनीचा प्रश्न मात्र दुसऱ्यांवर सोडला. लांब पण स्वतःचे घर घ्या, असा सल्ला सभासदांना आम्हीच दिला. दिवसाचे चार तास गाडीत घालवणारा सभासद मग सभेला येईनासा झाला. त्याला दूर धाडून आम्ही आमचीच संघटना दुबळी केली.

म्हणून आमचे मागणे एवढेच आहे. सार्वजनिक जमिनीवर पुन्हा बांधकाम होईल, तेव्हा त्यातील काही घरे विकू नयेत. ती मंडळाच्याच मालकीची ठेवून, जवळपास काम करणाऱ्यांना त्यांच्या मिळकतीच्या मानाने भाड्याने द्यावीत. मालकी सार्वजनिक राहिली, तर काठ कितीही सरको, त्या घरांतून कामगाराला उठावे लागणार नाही. तुमच्या गावाचाही काठ आज सरकतो आहे. पंचवीस वर्षांनी आमच्यासारखी कबुली देण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये, एवढ्याचसाठी हा इतिहास सांगितला.