आंग्रिया बँक

आंग्रिया बँक : अरबी समुद्रातील प्रवाळांचे जलमग्न पठार. विजयदुर्गच्या पश्चिमेस सु. 105 किमी. अंतरावर, समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या कडेजवळ ते आहे. लांबी सु. 40 किमी., रुंदी सु. 15 किमी. माथ्यावर पाणी जेमतेम 20 मी. खोल आहे, कडेचे उतार सु. 400 मी.पर्यंत खाली जातात. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रज ‘आंग्रिया’ म्हणत. तेच नाव या उंचवट्याला मिळाले. ‘बँक’ ही दर्यावर्दींची संज्ञा असून तिचा अर्थ भर समुद्रातील उथळ जागा असा आहे. सु. 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सु. 120 मी. खाली होती. त्या काळी हा माथा पाण्याबाहेर असणार.

कोकण किनाऱ्याला पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ होते आणि तळाशी प्रकाश पोहोचत नाही. प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांना प्रकाश लागतो आणि प्रवाळाचे पोषण मुख्यतः त्यांच्यावर चालते. आंग्रिया बँक नदीमुखांपासून दूर असल्याने तेथील पाणी नितळ राहते. भर समुद्रात प्रवाळ वाढण्याचे खरे कारण हेच.

सागरतळ म्हणजे नुसता चिखल, ही समजूत येथे पार खोटी ठरते. प्रवाळाच्या कपारींत स्पंज, समुद्रपंखे, तारामीन, समुद्रकाकड्या, खेकडे आणि शंख-शिंपले आश्रय घेतात. मृत प्रवाळाच्या सांगाड्यांवर चुनखडीयुक्त लाल शैवलांचे थर चढतात आणि सैल तुकडे एकमेकांना सांधले जातात. खडकांमधल्या वाळूतही बहुशूकी कृमी असतात. ते वाळू उकरतात, सडलेले सेंद्रिय कण खातात आणि तळात प्राणवायू खेळता ठेवतात. हेकरू, तांबोशी यांसारख्या मोठ्या माशांना भक्ष्य मिळते ते या वस्तीमुळेच. डिसेंबर 2019 मध्ये निरनिराळ्या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी येथे संयुक्त पाहणी केली.

उतारावरून खाली जावे तशी वस्ती बदलते. अरबी समुद्रात सु. 150 ते 1,000 मी. खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असलेला पाण्याचा जाड थर आहे. त्यामुळे बँकेचा माथा प्राण्यांनी गजबजलेला, तर पायथा मोजक्याच तग धरणाऱ्या जीवांचा, असा फरक एकाच डोंगरावर पडतो. पावसाळ्यात खालचे पाणी वर चढून भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ तळावरही प्राणवायू घटतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ही घट मोजून नोंदवली आहे. तळाला चिकटलेल्या जीवांना अशा वेळी पळून जाता येत नाही.

पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीहून अंशभर जरी वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळातील शैवले निघून जातात आणि तो पांढरा पडतो. 1998 आणि 2016 या वर्षी भारतीय प्रवाळक्षेत्रांत असे विरंजन मोठ्या प्रमाणात झाले. उष्णतेइतकीच भीती बोटीमागून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याची. रापण हे जाळे किनाऱ्यालगत ओढले जाते. ट्रॉल मात्र जड फळ्यांनिशी तळ घासत जातो. घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंमी. वाढतो, म्हणजे मीटरभर उंचीचा प्रवाळ शतकभराचा असतो. एका फेरीत तो मोडला तर मच्छीमाराच्या हयातीत परत उभा राहत नाही. तुटून अडकलेली जाळीही वर्षानुवर्षे मासे मारत राहतात.

प्रवाळभित्ती निर्माण करणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. प्राण्याला संरक्षण आहे, पण त्याच्या जागेचा प्रश्न वेगळा. 1987 मध्ये घोषित झालेले 29.12 चौ. किमी.चे मालवण सागरी अभयारण्य किनाऱ्यालगत आहे. अशी अभयारण्ये 12 सागरी मैलांच्या प्रादेशिक जलक्षेत्रापर्यंतच करता येतात आणि आंग्रिया बँक त्याच्या फार पलीकडे, अनन्य आर्थिक क्षेत्रात येते. तेथे सागरी क्षेत्रविषयक 1976 चा केंद्रीय कायदा लागू होतो. त्याखाली बँकेला ‘नियुक्त क्षेत्र’ म्हणून संरक्षण द्यावे, असा प्रस्ताव महाराष्ट्रातून पुढे आला. कायद्याच्या सातव्या कलमानुसार तशी घोषणा करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे.