बालसुरक्षा आसन (रायगड किनारा)

मोटारीच्या धडकेत तान्ह्या व लहान मुलांना जागेवर धरून ठेवणारे, पट्टे असलेले आसन. बोलण्यात ‘कार सीट’ किंवा ‘बेबी सीट’. पाठमोऱ्या आसनाचा पाया स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात घातला.

प्रयोजन : तान्हे मूल आईच्या मांडीवर सुरक्षित असते, हा समज घातक आहे. ताशी ५० किमी वेगातली गाडी दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोच्या मुलाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो पेलण्याइतके बळ लागते. तेवढे कोणाच्याच हातांत नसते. एकच पट्टा दोघांभोवती घेतला, तर आईचे वजन मुलावर येते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनुसार मोटारीत अशा आसनाने तान्ह्यांचे मृत्यू ७१ टक्क्यांनी, १ ते ४ वर्षांच्या मुलांचे ५४ टक्क्यांनी घटतात.

बसवणी : आसन मागच्या सीटवर बसवावे. तान्ह्याचे डोके जड, मान कोवळी; म्हणून तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवे. आर १२९ या आंतरराष्ट्रीय मानकात ही बैठक किमान १५ महिन्यांपर्यंत सक्तीची आहे. एअरबॅगसमोर पाठमोरे आसन कधीही ठेवू नये. आयसोफिक्सचे (आसन गाडीला थेट जोडणाऱ्या रचनेचे) खटके लागले की खूण हिरवी होते. तरी बूड धरून आसन हलवून पाहावे. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरावा. घडी पडली तर तो ढिला आहे. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाला पट्टा नीट बसत नाही. आधी पट्टा आवळावा, मग दुपटे वरून पांघरावे. उन्हात उभ्या गाडीतले बक्कल आधी हाताने चाचपावे, त्याचा चटका बसतो.

कायदा : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार (१ सप्टेंबर २०१९ पासून) १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. दुचाकीवर ४ वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, ९ महिन्यांवरील मुलाला हेल्मेट आणि ताशी ४० किमीची मर्यादा १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

रायगड किनारा : शनिवार-रविवारी आणि गणपतीत पेण–वडखळ–अलिबाग रस्त्याने व पुढे रेवदंडा, मुरूडकडे लेकुरवाळ्या गाड्यांची रांग असते. भाऊचा धक्का–मांडवा रो-रो (२०२०) बोटीत मूल आसनातून काढून वर नेले जाते. मांडव्याला गाडी उतरण्याआधी पट्टे पुन्हा लावावेत. ‘आता जवळच तर जायचंय’ म्हणून ते राहून जातात. गावकऱ्यांची मुले मात्र बहुधा सहा आसनी मिनिडोर रिक्षांमधून जातात. तिथे आसन बांधायला पट्टाच नाही.