ढाबळीतला दाणा

माझी आत्या निपाणीला राहते. तिचे यजमान तंबाखूच्या वखारीत कामाला होते. ते जाऊन आता बरीच वर्षे झाली. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गोव्याहून घाट चढून बेळगावला आणि तिथून निपाणीला जायचो. वखारींवरून जाताना नाकाला झोंबणारा तंबाखूचा वास आणि आत्याच्या माडीवरची कबुतरे, या दोन गोष्टींमुळे ते गाव माझ्या डोक्यात कायमचे बसले आहे.

कबुतरांच्या घराला ढाबळ म्हणतात. आपल्याकडे देवळाच्या कमानीत घुमत बसतो तो पारवा. हा शब्द संस्कृत ‘पारावत’वरून आला. माडीवर पाळतात ते कबूतर, आणि हा शब्द फारसी. जात एकच, पण रानातल्या पाखराला एका भाषेतले नाव आणि घरातल्याला दुसऱ्या भाषेतले. मुसलमानी अमदानीत हा शौक दरबारातून गल्लीबोळांत उतरला, त्याची ही खूण असावी. पण शौक त्याहून जुना आहे. त्याकडे पुढे येतोच.

गेल्या खेपेला निपाणीला गेलो तेव्हा माडीवर शुकशुकाट होता. तीन जोड्यांनी मिळून सहा पिले काढली होती, त्यांतली चार दगावली होती. उरलेली दोन वयाच्या मानाने निम्मीसुद्धा भरली नव्हती. पंख फुटलेले, पण छातीचे हाड हाताला लागत होते. आतेभावाचा मुलगा कॉलेजात जातो, ढाबळ आता तोच बघतो. तो माझ्याशी धड बोलेना. शेवटी आत्यानेच सांगितले.

झाले होते असे. पोरगा पिलांसाठी म्हणून ज्वारीत मूठ-मूठ मसूर मिसळायचा, आणि मसूर यायचा स्वयंपाकघरातल्या डब्यातून. आक्खा मसूर हे त्या भागातले आवडीचे कालवण. त्यात डाळींचे भाव चढलेले. एक दिवस आत्या वैतागून म्हणाली, “माणसांची आमटी पातळ आणि तुझ्या पाखरांना आक्खा मसूर! उद्यापासून डब्याला हात लावायचा नाही.” पोराने मग डोके चालवले. कबुतरांना प्रथिने हवीत हे त्याने कुठेतरी वाचले होते. मसुरात शंभराला चोवीसच्या आसपास प्रथिन असते, तर सोयाबीनमध्ये छत्तीस ते चाळीस. आणि सोयाबीन तर घरच्या शेतातले, पोतेभर पडून होते. त्याने ते भरडून ज्वारीत निम्म्याला निम्मे घातले. कबुतरे आधी वेचून टाकत, मग भुकेपोटी खाऊ लागली.

आत्याला वाटत होते की, आपण मसूर बंद केला म्हणून पिले गेली. पोराला वाटत होते की, आपण एवढे चांगले खायला घातले, तरी कशी गेली?

गल्लीत एक वृद्ध गृहस्थ आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. एके काळी त्यांची गिरेबाज कबुतरे तासन् तास आभाळात राहत. आता गुडघ्यांमुळे माडी चढवत नाही. संध्याकाळी आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “कच्चं सोयाबीन घातलंस व्हय? अरं, माणूस तरी ते कच्चं खातंय का?”

उस्तादांनी एका वाक्यात सांगितले, ते शास्त्राने १९१७ साली प्रयोगाने दाखवले होते. ऑसबर्न आणि मेंडेल या अमेरिकन संशोधकांना आढळले की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत. तेच सोयाबीन शिजवून दिले की वाढतात. कच्च्या दाण्यात प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन नावाच्या पाचकरसाला अडवणारे द्रव्य असते. ते नीट उष्णता दिल्याशिवाय निकामी होत नाही. म्हणजे प्रथिन पोटात जाते, पण अंगी लागत नाही. पिले त्यानेच गेली असे मी शपथेवर सांगणार नाही, पिलांना इतर आजारही होतात. तरी वाढ खुंटलेली ती दोन पिले पाहिली की उस्तादांचे म्हणणे पटते.

घरी परतल्यावर हा विषय डोक्यातून जाईना. ग्रंथालयातून पुस्तके आणली. कबुतराला काय खायला घालावे हा प्रश्न आजचा नाही, हे लवकरच ध्यानात आले.

आधी आपल्याच मुलखातले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. वीस-वीस अध्यायांची पाच प्रकरणे. त्यांतले एक राजाच्या करमणुकींवर आहे, आणि हत्ती, घोडे, कोंबडे, एडके यांच्या रांगेत तिथे ‘पारावतविनोद’ येतो. मराठी वाचकाला हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे. कबुतरांकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. गोमंतकीयांना यात एक जवळचे नाते सापडेल. सोमेश्वराचा बाप सहावा विक्रमादित्य याची मुलगी मैलळदेवी ही आपल्या गोव्याच्या कदंब राजाला, दुसऱ्या जयकेशीला, दिली होती. म्हणजे पारावतविनोद लिहिणारा राजा गोव्याचा मेहुणा. त्याच कदंबांची दुसरी राजधानी हळशी, आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. त्या काळी गोवा, हळशी आणि बेळगाव यांच्यामध्ये आजच्यासारख्या राज्यांच्या सीमा नव्हत्या.

मात्र दाण्याचा नेमका हिशेब हवा असेल तर ‘आईन-ए-अकबरी’कडे जावे लागते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या या ग्रंथात कबुतरबाजीवर स्वतंत्र मजकूर आहे. अकबर या छंदाला इश्कबाजी म्हणे. दरबारात वीस हजारांवर कबुतरे होती, त्यांतली पाचशे खास. अबुल फजल जन्मजात हिशेबनीस होता, त्यामुळे आमच्यासारख्या कारकुनांना तो फार आवडतो. शोभेच्या कबुतरांना सात धान्यांचे मिश्रण मिळे. त्यांत तांदूळ आणि ज्वारी-बाजरीच्या जोडीला हरभऱ्याची डाळ आणि मुगाची डाळ होती. शंभर शोभेच्या कबुतरांना पाच शेर दाणा. जोडीला लावलेली असतील तर साडेसात शेर. आणि उडवायच्या कबुतरांना मिश्रण नाहीच, नुसते बारीक भरड धान्य.

या तीन ओळींवर मी बराच वेळ थांबलो. प्रथिन हा शब्द तेव्हा जगात कुठेच नव्हता, तो एकोणिसाव्या शतकातला. पण दाणा पाखराच्या कामावर ठरवायचा, हे अकबराच्या कबुतरखान्यात ठरून गेले होते. जोडी लागली की वाटा दीडपट. उडायचे असेल तर डाळ बंद.

याची कारणे आज सांगता येतात. कबूतर हा पिलांना ‘दूध’ पाजणाऱ्या मोजक्या पक्ष्यांपैकी एक. हे दूध गळ्याखालच्या अन्नपिशवीच्या अस्तरात तयार होते, आणि विशेष म्हणजे नर आणि मादी दोघांतही. जॉन हंटर या ब्रिटिश शल्यवैद्याने १७८६ साली त्याचे वर्णन केले. अंडी साधारण अठरा दिवसांनी फुटतात, त्याच्या दोन-तीन दिवस आधीच आईबापांच्या पिशवीत तयारी सुरू होते. हे घडवून आणणाऱ्या संप्रेरकाला ऑस्कर रिडल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली प्रोलॅक्टिन असे नाव दिले. ते ओळखण्याची त्यांची कसोटी कबुतराच्या अन्नपिशवीवरच होती. मनुष्यप्राण्यात आईला दूध येते तेही याच संप्रेरकाच्या बळावर. या कबुतरी दुधातले पाणी काढले तर उरलेल्यात निम्म्याहून अधिक प्रथिन असते. त्या जोरावर पिलाचे वजन पहिल्या दोन दिवसांत जवळजवळ दुप्पट होते. हे सगळे येणार कुठून? आईबापांच्या दाण्यातूनच. आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुधात तोच दाणा मिसळून पिलाच्या तोंडी जातो.

उडण्याचे गणित वेगळे. लांब उडणारे कबूतर मुख्यत: चरबी जाळते. जास्तीच्या प्रथिनाचा त्याला उपयोग नाही, उलट ते बाहेर टाकायचे काम शरीरावर पडते. बेल्जियमसारख्या देशांत शर्यतीची कबुतरे पाळणारे लोक आठवड्याच्या वारांप्रमाणे दाणा बदलतात, सुरुवातीला हलका आणि शर्यतीआधी मका आणि तेलबियांचा. आईनमधला नियम आणि त्यांचा नियम यांत तत्त्वाचा फरक नाही.

सवयीप्रमाणे मी एका कागदावर हिशेब मांडला. ज्वारी, बाजरी, गहू, मका यांत शंभराला सरासरी दहा धरू. हरभरा, मूग, मसूर, सुका वाटाणा यांत सरासरी बावीस. सत्तर भाग धान्य आणि तीस भाग कडधान्य घेतले तर सात अधिक साडेसहा, म्हणजे साडेतेरा. एरवीच्या कबुतराला हे पुरेसे आहे. निम्मे-निम्मे केले तर पाच अधिक अकरा, म्हणजे सोळा. पिले असतील किंवा पिसे झडून नवी येत असतील तेव्हा एवढे लागते, कारण पीस म्हणजे प्रथिनच. चाळीस टक्क्यांचे सोयाबीन आणण्याची गरजच नव्हती. पोराला हवे होते ते सगळे आत्याच्या डब्यात होते, फक्त महिनाभर पुरेल एवढेच.

आणखी एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या लोकांनी इंग्रजांचा धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला लढाईत मारले आणि त्याचे दोन साहाय्यक ओलीस ठेवले. त्यांतला एक होता वॉल्टर इलियट, वय वर्षे एकवीस. कित्तूर हे बेळगाव जिल्ह्यातलेच. सुटल्यावरही इलियट कित्येक वर्षे या दक्षिण महाराष्ट्र प्रांतात राहिला. इथल्या सस्तन प्राण्यांची यादी त्याने छापली, चालुक्यांचे शिलालेख उतरवून घेतले. ज्या राजघराण्यात पारावतविनोद लिहिला गेला, त्याचा इतिहास उजेडात आणणाऱ्यांत हा एक. पुढे मद्रासला असताना त्याने चार्ल्स डार्विनला हिंदुस्थानी कबुतरांची कातडी पाठवली. डार्विनने १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये त्याचे आभार मानले आहेत, आणि त्याच प्रकरणात अकबराच्या वीस हजार कबुतरांचाही उल्लेख आहे. माणूस निवड करून एका पारव्यापासून किती जाती घडवतो, हे डार्विनने कबुतरांवरूनच दाखवले. ती निवड ज्यांनी केली त्या पाळणाऱ्यांची नावे मात्र कुठल्या पुस्तकात नाहीत.

आमच्या उस्तादांचेही तसेच. जोडीला कधी भिजवलेला हरभरा द्यायचा, उडवायच्या आधी तो कधी थांबवायचा, दाणा दळला जावा म्हणून विटेची भुकटी आणि जुन्या भिंतीचा चुना किती ठेवायचा, हे त्यांना सगळे ठाऊक आहे. ते त्यांनी कुणाकडून तरी ऐकले, अकबराच्या दरबारातून नव्हे. पण त्यांच्या गुडघ्यांनी माडी सोडली आणि ते ज्ञान खालीच राहिले. दोन घरे सोडून पलीकडे राहणाऱ्या पोराने ‘प्रथिन’ हा शब्द वाचला, त्यांना विचारायला मात्र गेला नाही. त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आम्हीही आमच्या घरच्या म्हाताऱ्यांना किती गोष्टी विचारायच्या राहून गेलो.

मी तो हिशेबाचा कागद पोराला पाठवला. त्याने तो उस्तादांना वाचून दाखवला म्हणे. त्यांनी आकड्यांकडे लक्ष दिले नाही. ज्वारी, हरभरा आणि सुका वाटाणा घे, वाटाणा मसुराहून स्वस्त पडतो, एवढेच सांगितले.

परवा आत्याचा फोन आला होता. उरलेल्या दोनांपैकी एक पिलू गेले, दुसरे उडायला लागले आहे. एका जोडीने पुन्हा अंडी घातली आहेत. आता माडीवर दाण्याचा डबा वेगळा आहे, पण अंडी फुटायच्या सुमारास त्यात चार मुठी मसूर ती स्वत:च टाकणार आहे. “सांगू नकोस त्याला,” म्हणाली, “नाहीतर रोज मागंल.”